मुतखडा आणि बिअरची बाटली

आमच्या खान्देशात मुतखड्याचे औषध विचारायला डॉक्टरकडेच जावे लागते असे नाही. पानाच्या टपरीवर, एस. टी. स्टँडवर किंवा केळीचा ट्रक भरताना नुसते "कंबरेतून कळ येते" म्हटले, की चार माणसे चार औषधे सांगतात. कोणी कुळथाचे कढण सांगतो, कोणी पानफुटीची पाने चावायला सांगतो, कोणी कुठल्याशा गावच्या वैद्याचा पत्ता देतो. आणि एखादा तरी हळूच म्हणतो, "भाऊ, दोन बाटल्या बिअर मार, खडा निंघी जाई." पहिल्या तीन औषधांवर लोक मान डोलावतात. चौथ्यावर हसतात, पण विश्वास बहुधा त्याच्यावरच अधिक बसतो.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जळगाव, भुसावळ, धुळे या भागात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. उष्ण आणि कोरड्या मुलखात मुतखड्याचा आजार अधिक आढळतो, हे वैद्यकात जुने सत्य आहे. म्हणजे आजार आपला आहे आणि त्यावरचे हे 'औषध'ही घरोघर पोहोचले आहे. ज्या घरात दारूचे नाव काढायची सोय नाही, तेथेही 'औषध म्हणून' एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून येते. माझ्या नात्यातच असे एक उदाहरण आहे. कळ थांबली, खडाही पडला. पण औषधाची बाटली मात्र पुढेही येत राहिली. म्हणून मला वाटले, की या समजुतीत खरे किती आणि वाढवलेले किती, ते एकदा नीट पाहावे. मी कला शाखेचा विद्यार्थी. तरी जे छापून आलेले आहे ते वाचायला विज्ञान शाखेतच असावे लागते असे नाही.

प्रथम बिअर म्हणजे काय ते पाहू. जव भिजवून त्यांना मोड आणायचे, ते मोड वाळवून भरडायचे, गरम पाण्यात त्यांचा गोड अर्क काढायचा, तो हॉप्स घालून उकळायचा आणि थंड झाल्यावर यीस्ट घालून आंबवायचा. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. सातपुड्यात मोहाची दारू काढतात तिथेही फुले आधी आंबवतातच; पण पुढे ती भट्टीवर चढवून वाफ थंड करतात, त्यामुळे मद्यार्काचे प्रमाण वाढते. बिअर भट्टीवर चढत नाही. ती आंबवण्यावरच थांबते, म्हणून सौम्य राहते. फरक एवढाच आहे. मद्यार्क दोन्हींत एकच.

हॉप्स ही एक वेल आहे. ती भांगेच्या कुळातली. तिच्या मादी फुलांचे हिरवे, देवदाराच्या बोंडासारखे दिसणारे तुरे असतात आणि त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते. बिअरचा कडवटपणा आणि वास या पुडीतून येतो. ही वेल थंड हवेची. आपल्याकडे ती हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात लावली गेली. तापीकाठी ती जगणार नाही. युरोपात बाराव्या शतकात जर्मनीतील हिल्डेगार्ड नावाच्या विदुषी जोगिणीने हॉप्समुळे पेय लवकर नासत नाही असे लिहून ठेवले होते. बव्हेरियात १५१६ साली कायदाच झाला, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. यीस्ट हा जीव तेव्हा कोणाला माहीतच नव्हता, म्हणून कायद्यात त्याचे नाव नाही! इंग्रज हिंदुस्थानात आले तेव्हा समुद्रमार्गे चार-सहा महिन्यांच्या प्रवासात बिअर टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स अधिक घालीत. पुढे एकोणिसाव्या शतकात एडवर्ड डायरने कसौलीला कारखाना काढला. जालियनवाला बागेत गोळीबार करविणारा जनरल डायर हा त्याचाच मुलगा. आज आपल्याला जवळचे बिअरचे कारखाने म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींतले. २०१६ च्या दुष्काळात त्यांचे पाणी कमी करण्याचा आदेश तेथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला द्यावा लागला होता. ज्या मराठवाड्यात त्या वर्षी लातूरला रेल्वेने पाणी गेले, त्याच मराठवाड्यात हे घडले, एवढी नोंद करून पुढे जातो.

हॉप्सला औषध म्हणूनही इतिहास आहे. युरोपात झोप येत नसेल तर हॉप्स भरलेली उशी डोक्याखाली घेत. अस्वस्थपणा आणि निद्रानाश यांवर हॉप्सचा पारंपरिक वापर जर्मनीतील सरकारी समितीनेही मान्य केला आहे. त्यात काही स्त्री-संप्रेरकासारखी द्रव्ये आहेत, तशीच झँथोह्युमॉल नावाचे एक द्रव्य आहे. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतील कर्कपेशींवर त्याचा चांगला परिणाम दिसला आणि लगेच "बिअर कर्करोगावर गुणकारी" अशा बातम्या झळकल्या. परंतु हे द्रव्य नेहमीच्या बिअरच्या एका लिटरात एक मिलिग्रॅमसुद्धा नसते. उकळताना त्यातले बरेचसे बदलून जाते. प्रयोगात वापरलेली मात्रा बिअरमधून मिळवायची तर माणूस आधी बिअरनेच मरेल. झोपेचेही तेच. हॉप्स झोप आणत असेल, पण मद्यार्क रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडतो. म्हणजे एकाच पेल्यात एक द्रव्य गादी घालते आणि दुसरे ती ओढून घेते. हॉप्सचा गुण सांगून बिअर विकणे म्हणजे लिंबाचा गुण सांगून लिंबाचे लोणचे मीठ-तेलासकट वाटीभर खायला सांगण्यासारखे आहे.

आता मूळ मुद्दा. खडा होतो कसा? मूत्रपिंडे रक्त गाळून नको असलेले क्षार लघवीवाटे बाहेर टाकतात. पाणी कमी आणि क्षार अधिक झाले की क्षार विरघळलेले राहू शकत नाहीत. दुधात साखर घालत गेलो तर शेवटी ती तळाशी बसते, तसे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, काही युरिक आम्लाचे. उन्हाळ्यात कपाशीच्या किंवा केळीच्या शेतात काम करणाऱ्या माणसाचे पाणी घामावाटे निघून जाते, लघवी गडद पिवळी होते आणि खड्याची पायाभरणी होते. हा आजार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुताने अश्मरीचे चार प्रकार सांगितले आहेत आणि खडा कापून काढण्याची शस्त्रक्रियाही वर्णिली आहे.

बिअरच्या बाजूने बोलायचे तर पुरावा अगदीच नाही असे नाही, आणि तो लपवून ठेवणे मला पटत नाही. अमेरिकेतील सुमारे पंचेचाळीस हजार पुरुषांच्या पाहणीचा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला. रोज २४० मिलिलिटर बिअर पिणाऱ्यांत मुतखडा होण्याचा धोका २१ टक्क्यांनी कमी आढळला. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सत्तावीस हजार पुरुषांच्या १९९९ च्या अभ्यासात तर रोजच्या एका बाटलीमागे धोका ४० टक्क्यांनी कमी दिसला. हॉप्समधील द्रव्यांमुळे हाडांतून कॅल्शियम कमी सुटत असेल, अशीही एक कल्पना या संदर्भात मांडली गेली. टपरीवरच्या मित्राला हे आकडे मिळाले तर तो ते फ्रेम करून लावील!

पण त्याच अमेरिकन पाहणीतील इतर आकडे तो लावणार नाही. चहा पिणाऱ्यांत धोका १४ टक्क्यांनी कमी होता, कॉफी पिणाऱ्यांत १० टक्क्यांनी. सफरचंदाच्या रसाने मात्र धोका वाढलेला दिसला. म्हणजे गुण हॉप्सचा की जवाचा, हा वाद घालण्याआधी पेल्यातील सर्वांत मोठा घटक कोणता ते पाहायला हवे. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. शिवाय मद्यार्क मेंदूतून सुटणारे एक संप्रेरक दाबतो. हे संप्रेरक मूत्रपिंडाला "पाणी धरून ठेव" असे सांगत असते. ते दाबले गेले की लघवी पुष्कळ आणि पातळ होते. बिअर प्यायल्यावर माणूस वारंवार उठतो ते यामुळे. लोकांनी हे डोळ्यांनी पाहिले आणि अनुमान काढले: एवढी धार लागते, तर खडा वाहून जाणारच.

हे अनुमान दोन ठिकाणी अडते. पहिले, वरील दोन्ही अभ्यास खडा *होऊ नये* याविषयीचे आहेत, झालेला खडा *पाडण्याविषयीचे* नाहीत. मूत्रवाहिनी ही काही नाली नव्हे, की वरून बादली ओतली की कचरा वाहून जाईल. खडा अडकलेला असताना वरून लघवीचा लोंढा आला तर मूत्रपिंडावर ताण येतो आणि कळ उलट वाढते. दुसरे, पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे काही न करताही काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पडतात. त्या काळात माणसाने बिअर प्याली असेल तर श्रेय बिअरला, कढण प्याला असेल तर कढणाला, आणि नवस बोलला असेल तर देवाला. ज्याचा खडा बिअर पिऊनही पडला नाही तो मात्र टपरीवर भाषण करीत नाही. तो शस्त्रक्रियेसाठी जळगावला किंवा नाशिकला दाखल झालेला असतो. अशा औषधांची कीर्ती का वाढते याचे कारण मला यातच दिसते.

आणखी एक अडचण प्रमाणाची. अमेरिकेतील अभ्यासातला पेला २४० मिलिलिटरचा. आपल्याकडची मोठी बाटली ६५० मिलिलिटरची, आणि खपते ती बहुधा 'स्ट्राँग', म्हणजे आठ टक्क्यांपर्यंत मद्यार्काची. गणित सोपे आहे. ६५० चे आठ टक्के म्हणजे ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. वजनात सुमारे ४१ ग्रॅम. मोजमापासाठी जागतिक पातळीवर वापरले जाणारे 'एक पेय' दहा ग्रॅम मद्यार्काचे. म्हणजे टपरीवर सांगितलेल्या "दोन बाटल्या" ही मात्रा आठ पेयांहून अधिक झाली. याला 'माफक' म्हणायचे असेल तर माफक या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल. मी स्वतः एकोणीस वर्षांचा आहे. महाराष्ट्रात बिअर घ्यायला वयाची एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात, तेव्हा चवीविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. गुणाकार करण्याचा आहे.

युरिक आम्लाचे खडे ज्यांना होतात त्यांच्यासाठी तर बिअर सरळ उलटी जाते. बिअरमध्ये प्युरिन नावाची द्रव्ये असतात, त्यांचे शरीरात युरिक आम्ल होते. शिवाय मद्यार्कामुळे ते बाहेर टाकण्याचे काम मंदावते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रोज दोन किंवा अधिक बिअर पिणाऱ्या पुरुषांत गाउट, म्हणजे सांध्यांत युरिक आम्ल साचून होणारा वातरोग, अडीच पटींनी अधिक आढळला. आपल्या पोटातला खडा कोणत्या जातीचा आहे हे टपरीवर कोणालाच ठाऊक नसते. तरी औषध सर्वांना एकच.

येथे कोणी म्हणेल, की मुतखडा राहू द्या, हृदयाला तरी थोडी बिअर चांगली ना? ही समजूतही वाऱ्यावर उगवलेली नाही. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खाऊनही हृदयविकाराने कमी मरतात, याचे कारण त्यांची द्राक्षाची वाइन असावी, हा विचार १९९२ च्या सुमारास जगभर गाजला. अनेक पाहण्यांत थोडे पिणारे हे मुळीच न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसत. पुढे लक्षात आले, की 'न पिणाऱ्यां'च्या रांगेत पुष्कळसे असे होते ज्यांनी आजारामुळे पिणे सोडले होते. ही शंका १९८८ सालीच मांडली गेली होती. थोडे पिणारे बहुधा सुखवस्तूही असत. २०१९ साली चीनमधील पाच लाख लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे अनेकांना जन्मतःच मद्य सोसत नाही. अशा जनुकीय फरकाच्या आधारे तुलना केली, तेव्हा थोड्या मद्याने पक्षाघात टळतो हा लाभ नाहीसाच झाला. जितके अधिक मद्य, तितका अधिक धोका, एवढीच सरळ रेषा उरली. अमेरिकेत याचा कायमचा निकाल लावण्यासाठी मोठा प्रयोग सुरू झाला होता, पण त्यात मद्य कंपन्यांचा पैसा आहे आणि आखणीवर त्याची छाया आहे असे दिसल्यावर २०१८ साली तो तेथील सरकारी आरोग्य संस्थेनेच बंद केला. मद्यार्क कर्करोगकारक आहे हे तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच जाहीर केले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने जानेवारी २०२३ मध्ये मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही असे स्पष्ट केले. आणि आपल्यासाठी महत्त्वाचे म्हणजे, २०२२ च्या एका जागतिक विश्लेषणात १५ ते ३९ वयाच्या माणसांना मद्यापासून आरोग्याचा कोणताही लाभ आढळला नाही. आपले सारे कॉलेज, तरुण प्राध्यापकांसह, याच वयात बसते.

मद्याला औषधाचे प्रमाणपत्र सरकारनेही दिलेले आहे, ही गंमत सांगायला हवी. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यात प्रकृतीच्या कारणासाठी मद्य घेण्याचा परवाना मिळण्याची सोय होती, आणि शेजारच्या गुजरातेत त्या कायद्याखाली आरोग्य परवाने आजही दिले जातात. नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत आहे. फलाटाच्या एका टोकाला जे पेय दुकानात मिळते त्यालाच दुसऱ्या टोकाला डॉक्टरची चिठ्ठी लागते. याच भागात, तळोदा तालुक्यात, गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात संत गुलाम महाराजांच्या शब्दावर हजारो आदिवासींनी दारू सोडली होती. मोहाची दारू ज्यांच्या देवकार्यात आणि लग्नात होती त्या लोकांनी ती सोडली, याचा अर्थ तिची किंमत काय पडते हे त्यांना कोणी आकडे दाखवून सांगावे लागले नव्हते.

मग मुतखड्यावर करायचे काय? इटलीतील पार्मा येथे पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांवर पाच वर्षे एक प्रयोग झाला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सांगितले, दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. उरलेल्यांना काहीच सांगितले नाही. पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, न पिणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. या विषयातील इतका स्वच्छ पुरावा बिअरच्या वाट्याला आलेला नाही. आपल्या उन्हात दोन लिटर लघवी व्हायची तर तीन-चार लिटर पाणी पोटात जायला हवे. लिंबू पिळले तर उत्तम, कारण लिंबातील सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवते आणि खडा जमू देत नाही. मीठ कमी करावे; पापड, लोणचे, शेव आणि मिरचीचा ठेचा ही आपली दैवते थोडी आवरती घ्यावी लागतील. कॅल्शियमच्या भीतीने दूध-ताक बंद करतात, ते मात्र चूक आहे. जेवणातील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवते.

हे सोपे वाटते, पण सर्वांना सारखे सोपे नाही. बिअरचे हे औषध बायकांना कोणी सांगत नाही. खडे त्यांनाही होतात. माझी आई निंदणीला जाते तेव्हा दुपारपर्यंत पाणी पीतच नाही, कारण शेतात आडोसा नसतो. खेड्यावरून सकाळी सातच्या गाडीने कॉलेजला येणाऱ्या आपल्या वर्गभगिनींतही कितीतरी जणी याच कारणाने दिवसभर पाणी टाळतात. पुरुषाला खडा झाला तर त्याला बाटली मिळते आणि बाईला झाला तर "पाणी पीत जा" असा उपदेश. पाणी पिण्यासाठी आधी जागा लागते, हे उपदेश करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. मुतखड्यावरचे खरे स्वस्त औषध शोधायचे असेल तर ते हॉप्सच्या वेलीवर नसून स्वच्छ, कडी असलेल्या संडासात आहे, असे माझे मत झाले आहे.

आता थोडे तातडीचे. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, लघवी थांबली, किंवा एकच मूत्रपिंड असलेल्या माणसाला कळ आली, तर कढण, पानफुटी, बिअर यांपैकी कशाचीही वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अडलेल्या लघवीत जंतू वाढले तर जिवावर बेतते. आणि खडा पडलाच, तर तो टाकून देऊ नये. लघवी गाळणीतून किंवा पातळ फडक्यातून गाळावी, खडा कोरड्या डबीत ठेवावा आणि प्रयोगशाळेत तपासायला द्यावा. तो कॅल्शियमचा निघाला तर पथ्य वेगळे आणि युरिक आम्लाचा निघाला तर वेगळे.